वाकड्या खोलीत खरं ऐकू येण्यासाठी

घरात गाण्याचा स्टुडिओ करायचं ठरलं की वाट्याला चौकोनी खोली क्वचितच येते. चौकोनी खोल्यांत माणसं झोपतात, मुलं अभ्यास करतात, पाहुणे उतरतात. उरते ती गच्चीवरची उतरत्या छपराची, किंवा जिन्यामुळे कोपऱ्याचा आकार बिघडलेली, किंवा प्लॉटच तिरका म्हणून एक भिंत तिरकी बांधलेली. ती मिळाली की सल्लेही मिळतात. कुणी म्हणतं, असल्या खोलीत मिक्स कधी जमायचं नाही, नाद सोड. दुसरा म्हणतो, नशीबवान आहेस. भिंती समांतर नाहीत म्हणजे निम्मं काम फुकटात झालं, मोठ्या स्टुडिओंत मुद्दाम पैसे घालून भिंती तिरक्या करतात. दुसरा सल्ला ऐकायला गोड आहे, पण जास्त नुकसान तोच करतो. कारण तो अर्धा खरा आहे.

खरा अर्धा आधी पाहू. दोन मोकळ्या, समांतर भिंतींच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवली तर टाळीमागून एक बारीक, धातूसारखी थरथर ऐकू येते. आवाज त्याच दोन भिंतींमध्ये येरझाऱ्या घालत असतो. नव्या फ्लॅटमध्ये सामान यायच्या आधी हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. एक भिंत जराशी तिरकी केली की प्रत्येक फेरीत आवाज थोडा बाजूला सरकतो आणि ती थरथर मोडते. त्यासाठी तिरकेपणा फार लागत नाही. भिंतीच्या दहा ते वीस फूट लांबीमागे एक फूट, म्हणजे तीन ते सहा अंश, एवढा पुरतो. वाकड्या खोलीच्या मालकाला ही गोष्ट खरोखरच फुकट मिळालेली असते.

पण टाळी हा वरच्या पट्टीचा आवाज आहे. तिने खोलीचा खालचा भाग कळत नाही, आणि स्टुडिओचं खरं दुखणं खाली असतं. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर झाली, आपल्या खोलीपेक्षाही मोठी. एवढ्या लाटेला भिंतीतला दोन फुटांचा तिरकेपणा जाणवतो तो नावापुरता.

खोली हे एक वाद्य आहे असं धरलं की पुढचं सोपं जातं. तबल्याच्या पुडीला कंपनाच्या ठरावीक तऱ्हा असतात. प्रत्येक तऱ्हेची आपली कंपनसंख्या, आणि पुडीवर काही जागा अशा की त्या तऱ्हेत त्या हलतच नाहीत. शाईमुळे या तऱ्हा एकमेकींशी सुरात येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मधल्या टिपणात मांडलं होतं. खोलीतल्या हवेचंही तसंच आहे. तिच्याही ठरलेल्या तऱ्हा असतात, त्यांना ध्वनीवाले मोड म्हणतात. फरक एवढाच की खोलीला शाई लावून सुरात आणणारा कुणी नसतो. तिचे मोड कुठेही पडतात, कधी दोन-तीन एकाच ठिकाणी. गाण्यातला एखादा स्वर त्यावर बसला की तो फुगतो आणि थांबल्यावरही रेंगाळतो. आपण बसलो त्या जागी त्या मोडमध्ये हवेचा दाब हलतच नसेल तर तोच स्वर गायब होतो.

चौकोनी खोलीत हे मोड कागदावर काढता येतात. आवाजाच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की लांबीचा पहिला मोड येतो. रुंदीचं तेच, उंचीचं तेच, मग त्यांची मिश्रणं. वाकड्या खोलीत हे सूत्र लागू पडत नाही, आणि सूत्र लागू पडत नाही म्हणजे मोडच नाहीत, असा समज करून घेतला जातो. गणिताने याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. १९१० साली ग्योटिंगेनला व्याख्यानं देताना डच भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी प्रश्न टाकला होता, की ठरावीक कंपनसंख्येपर्यंत पोकळीत किती मोड मावतात, हे तिच्या आकारावर अवलंबून असतं की केवळ घनफळावर? पुढच्याच वर्षी हेरमान वाइल या तरुण गणितज्ञाने सिद्ध केलं, की मुख्य हिशेब घनफळाचाच. आकाराने फक्त किरकोळ दुरुस्त्या होतात. घनफळ तेच ठेवून खोली वाकडी केली तर मोडची गर्दी तेवढीच राहते. ते जागचे सरकतात, त्यांचे नकाशे वेडेवाकडे होतात, पण ते जात नाहीत.

या विषयाला एक गमतीचं शेपूट आहे. १९६६ साली मार्क काट्स यांनी एक निबंध लिहिला: डोळे मिटून, नुसत्या कंपनसंख्या ऐकून ढोलाचा आकार ओळखता येईल का? उत्तर यायला १९९२ साल उजाडलं, आणि ते ‘नाही’ असं आलं. गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट या तिघांनी वेगवेगळ्या आकाराचे दोन कोनेकोपऱ्यांचे ढोल कागदावर काढून दाखवले, ज्यांच्या सगळ्या कंपनसंख्या तंतोतंत सारख्या होत्या. वाकडेपणाकडून फार अपेक्षा ठेवणाऱ्यांनी ते दोन आकार एकदा बघावेत.

आता उदाहरणाला एक खोली घेऊ. बंगल्याचा वरचा मजला, उतरती स्लॅब, वरून शोभेची कौलं. रुंदी दहा फूट. एक लांब भिंत चौदा फुटांची, समोरची बारा, कारण मागची भिंत तिरकी. छत पुढच्या भिंतीपाशी आठ फुटांवर, मागे चढत अकरा फुटांवर. मागच्या कोपऱ्यात जिन्याशेजारी तीन फूट रुंद आणि पाच फूट खोल असा कोनाडा, ज्यात सध्या जुने पंखे आणि सुटकेसा आहेत. कोनाडा सोडून घनफळ साधारण ३५ घनमीटर. सरासरी मापांवरून अंदाज काढला तर लांबीचा पहिला मोड ४४ हर्ट्झजवळ, रुंदीचा ५७, उंचीचा ६०. शंभर हर्ट्झच्या खाली एकंदर आठ-नऊ मोड, दोनशेच्या खाली पन्नासेक. म्हणजे वर गर्दी, खाली विरळ. खाली जिथे ते विरळ आहेत तिथे प्रत्येक मोड सुटा ऐकू येतो, आणि तिथेच दोन मोड, ५७ आणि ६०, शेजारी येऊन बसलेत. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झला वाजते. तिच्यावरच्या पहिल्या एक-दोन स्वरांची या खोलीत काय दशा होईल, याचा अंदाज इथेच येतो.

जर्मन ध्वनितज्ज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी या दोन प्रदेशांमधल्या सीमेसाठी एक सोपा हिशेब दिला आहे. आपल्या खोलीत नीट काम झाल्यावर ती सीमा १८५ हर्ट्झच्या आसपास पडते. तिच्या वर आवाज किरणांसारखा वागतो असं समजून आरसा घेऊन काम करता येतं. तिच्या खाली मोडचं राज्य.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, कारण परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ ती सांगत नाहीत. त्यांना सांगायची गरजच नसते. अमेरिकेतल्या घराची आतली भिंत म्हणजे बहुधा लाकडी चौकटीवर ठोकलेला जिप्समचा पत्रा. तो खालच्या सुरांना हलतो आणि हलताना ते खातो. १२५ हर्ट्झला त्याचा शोषणांक, म्हणजे आवाजाचा तो खातो तेवढा वाटा, ०.२९ च्या आसपास धरतात. विटांवर प्लास्टर केलेल्या भिंतीचा तोच आकडा ०.०१ ते ०.०२. त्यांचा बेस भिंतीत मुरतो, थोडा पलीकडेही जातो. आपला स्लॅब आणि विटांच्या मध्ये कोंडून फिरत राहतो. त्यामुळे तिथल्या माणसाने ‘चार कोपऱ्यांत चार बेस ट्रॅप लावा, झालं’ म्हटलं, तर आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. सरकत्या खिडकीची काच आणि पोकळ दरवाजा मात्र आपल्याही खोलीत खालचा सूर बऱ्यापैकी खातात. फळ्या मारलेलं जुनं कौलारू छप्परही बरंच सोडून देतं. मिक्स करणाऱ्याला ते बरं, शेजाऱ्याला नाही.

आणि शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवू. आवाज बाहेर न जाऊ देणं आणि आतला आवाज सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात, जमल्यास भिंतीआड सुटी भिंत लागते. या लेखात ज्या वस्तू येतील त्यांतल्या एकीनेही सोसायटीच्या सेक्रेटरीची तक्रार थांबणार नाही.

बसायचं कुठे, हा पहिला निर्णय. त्याला पैसे लागत नाहीत आणि बहुतेकजण तो चुकीचा घेतात, कारण टेबल खिडकीपाशी छान दिसतं. कानाला डावं-उजवं सारखं हवं. डाव्या मॉनिटरच्या, म्हणजे स्पीकरच्या, बाजूला भिंत दोन फुटांवर आणि उजव्याच्या बाजूला कोनाडा उघडा, असं झालं की गायक मधोमध उभा राहतच नाही. मग पॅन कितीही फिरवा. म्हणून वाकड्या खोलीत आधी असा अक्ष शोधायचा, ज्याच्या दोन्ही अंगांना निदान पुढची सहा-सात फूट खोली सारखी आहे. वाकडेपणा पाठीमागे गेला तर चालतो. आपल्या खोलीत उत्तर सरळ आहे. मॉनिटर बुटक्या, सरळ भिंतीशी, तोंड तिरक्या भिंतीकडे. छतही मग कानावरून मागे चढत जातं आणि त्यावर आपटलेला आवाज डोक्यावरून मागे निघून जातो. उलटं बसलं तर तेच छत आवाज खाली कानावर आणून टाकतं. छत डावीकडून उजवीकडे उतरत असेल अशी मांडणी मात्र शक्यतो टाळावी. दोन्ही बाजूंनी उतरणारं छप्पर असेल तर आढ्याखालची रेघ हाच आपला अक्ष.

पुढच्या भिंतीपासून किती अंतरावर बसायचं? लांबीच्या ३८ टक्क्यांवर, असा एक प्रचलित नियम आहे. आपल्या खोलीत ते पाच फुटांच्या जरा आत येतं. नियम म्हणून तो चौकोनी खोलीचा. वाकड्या खोलीत ती सुरुवातीची जागा, तिथून खुर्ची पुढेमागे सरकवत मोजायचं. लांबीच्या बरोबर मध्यावर बसू नये, एवढं पक्कं. तिथे ४४चा मोड ऐकूच येत नाही. पण याच न्यायाने डाव्या-उजव्याच्या मध्यावर रुंदीचा मोड ऐकू येत नाही, आणि सारखेपणासाठी तिथे तर बसावंच लागतं! शिवाय बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे त्या जागच्या उंचीच्या मध्याजवळ. ५७ आणि ६० दोन्ही आपल्या खुर्चीवर गायब. नकळत तुम्ही बेस वाढवणार आणि ते गाणं दुसऱ्याच्या गाडीत भसाभसा वाजणार. या खोलीचं मुख्य दुखणं हे आहे. छताच्या उतारामुळे नेमकी कंपनसंख्या थोडी इकडेतिकडे जाईल, पण दुखणं तेच.

मॉनिटर भिंतीपासून दूर ओढण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. लहान खोलीत तो मला पटत नाही. मॉनिटरच्या मागे गेलेला खालचा सूर भिंतीवर आपटून परत येतो आणि ज्या कंपनसंख्येला तो उलटा भेटतो तिथे खड्डा पडतो. भिंत तीन फुटांवर असेल तर हा खड्डा ९५ हर्ट्झजवळ पडतो, ढोलकीच्या आणि बेसच्या अगदी पोटात. आठ इंचांवर असेल तर तो ४२५च्या आसपास चढतो आणि तिथे चार इंच जाडीचं पॅनेल त्याला सहज खातं. म्हणून मॉनिटर भिंतीला जवळ, आणि मध्ये जाड पॅनेल.

हे ‘जाड’ नीट समजून घ्यावं लागतं. रॉकवूल, ग्लासवूल, कापूस, गोधडी हे सगळे एकाच तऱ्हेने काम करतात. धाग्यांच्या जाळीतून हवा ये-जा करते, घासते, आणि आवाजाची सूक्ष्म उष्णता होते. हवेची ये-जा भिंतीला चिकटून नसते. ती सर्वात जोरात असते भिंतीपासून पाव लाट अंतरावर. हजार हर्ट्झला पाव लाट म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. शंभर हर्ट्झला ८६. आपल्या ४४ हर्ट्झला जवळजवळ दोन मीटर. भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम कुठल्या सुरांपर्यंत पोचेल हे यावरून उघड आहे. काँक्रीटवरच्या जाड गालिचाचा शोषणांक ४,००० हर्ट्झला ०.६५ आणि १२५ला ०.०२ असतो. खोलीत सर्वत्र गालिचे, पडदे, फोम लावले की वरचे सूर मरतात आणि खालचे जसेच्या तसे राहतात. अशा खोलीत बोललं तर गोणपाटाखाली बोलल्यासारखं वाटतं आणि बेस मात्र घुमतच असतो. घरगुती स्टुडिओंपैकी बरेच इथेच अडकलेले असतात. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर वेगळं लिहायलाच नको. ते पातळ पुठ्ठे आहेत.

फोमबद्दल मात्र एक वाक्य जास्त लिहितो. पॅकिंगचा स्वस्त पॉलियुरेथेन फोम भिंतीला लावू नका. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या वेस्ट वॉरिक गावी ‘द स्टेशन’ या नाइट क्लबात २० फेब्रुवारी २००३ रोजी आवाज रोखायला लावलेल्या अशाच फोमने मंचावरच्या आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि १०० माणसं गेली. घरच्या स्टुडिओत आतषबाजी नसते, पण सोल्डरिंग आयर्न आणि जुनी वायरिंग असते. रॉकवूल दगडाचा धागा आहे, तो जळत नाही.

पॅनेल करणं हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे. चार बाय दोन फुटांची, चार इंच खोल लाकडी चौकट. आत ४८ किलो घनतेचे दोन-दोन इंची रॉकवूलचे दोन थर. वरून मांजरपाट किंवा खादी. कापड निवडायची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे गेली तर चालतं. रेक्झिन चालत नाही. मागे भिंतीपासून आणखी चार इंच जागा सोडली तर त्याच मालात पॅनेल एक सप्तक खालपर्यंत पोचतं, कारण हवा जिथे जोरात हलते तिथे धागा नेला. हातमोजे आणि मास्क घाला, धागे टोचतात. पिंजाऱ्याकडून जाड कापसाची गादी करून घेऊन ती उभी केली तरी आवाजाच्या दृष्टीने काही वाईट नाही, पण कोकणात किंवा गोव्यात दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिला बुरशी येते.

गाद्यांवरून आठवलं. ध्वनिशास्त्राचा हा भाग गाद्यांपासूनच सुरू झाला आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात प्राध्यापकाचा शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, पुढच्या अनेक शब्दांवर चढायचा. उपाय शोधायचं काम वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे आलं. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, काही मीटर गाद्या अंथरल्या की ऑर्गनची नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज विझेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा नळी. रात्री, कारण दिवसा रस्त्याचा आवाज. आणि सकाळी गाद्या परत जागेवर. त्यातून आलेला नियम आजही वापरात आहे. घनमीटरमधल्या घनफळाला ०.१६१ ने गुणा, खोलीतल्या एकूण शोषणाने भागा, घुमण्याचा काळ मिळतो. त्याच नियमावर बोस्टनचा सिंफनी हॉल बांधला गेला, तो १९०० साली उघडला.

आपल्या खोलीला हा नियम लावून पाहू. लहान खोलीत तो काटेकोर नाही, पण अंदाजाला चांगला. मोकळी खोली, टाइल्स आणि प्लास्टर: दोन सेकंदांच्या वर. मिक्सच्या खोलीला हवा ०.३ सेकंदाच्या आसपास. त्यासाठी १९ चौरस मीटर पूर्ण शोषण लागतं. आपलं एक पॅनेल पाऊण चौरस मीटरचं. म्हणजे नुसत्या पॅनेलांनी भागवायचं तर दोन डझन! सोफा, पुस्तकांची भरलेली मांडणी आणि माणसं मिळून काही वाटा उचलतात, तरी पंधरा-सोळाच्या खाली हा आकडा येत नाही. बाजारात ‘सहा पॅनेलचा स्टुडिओ किट’ मिळतो तेव्हा हा भागाकार आठवावा.

एवढं सामान दहा फुटी खोलीत लावायचं कुठे? इथे वाकडी खोली उपयोगी पडते. सरळ खोलीत दोन फूट जाडीचा शोषक म्हणजे राहत्या जागेचा बळी. वाकड्या खोलीत मात्र माणसाला बिनकामाच्या जागा आधीच असतात. छत जिथे बुटकं होतं तिथली भिंत-छताची वळचण, तिरक्या भिंतीने केलेला अरुंद कोन जिथे कपाटही बसत नाही, आणि आपला तो सुटकेसांचा कोनाडा. पाच फूट खोल. एक टोक बंद, एक उघडं, अशी ही पोकळी पाव लाटेच्या हिशेबाने ५७ हर्ट्झला जागी होते. योगायोगाने नेमकी दुखऱ्या जागी. रिकामी ठेवली तर ती स्वतःच घुमेल. सुटकेसा बाहेर, आत पाठीपासून तोंडापर्यंत सैलसर ग्लासवूल किंवा हलकं रॉकवूल, तोंडावर कापडी चौकट. एवढ्या खोलीचा शोषक बाजारात विकत मिळत नाही. कोनाड्याच्या वरचं लॉफ्टही भरता आलं तर भरावं, दिवाळीचे आकाशकंदील दुसरीकडे जातील.

तरी ५७ पुरतं आवरलं नाही तर प्लायचा पडदा. नऊ मिलिमीटर प्लाय, मागे वीस सेंटिमीटर बंद पोकळी, आत थोडं रॉकवूल. हिशेबाने हा ५८ हर्ट्झला हलू लागतो. प्लायचं प्रति चौरस मीटर वजन आणि मीटरमधली खोली यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं आणि त्याने साठला भागायचं, एवढाच तो हिशेब. हा शोषक दाबावर चालतो, म्हणून तो भिंतीलाच, तोही त्या मोडचा दाब जिथे जास्त तिथे लावायचा. चौकोनी खोलीत अशी जागा म्हणजे कोपरा हे डोळे मिटून सांगता येतं. वाकड्या खोलीत शोधावी लागते. मॉनिटरवर त्या कंपनसंख्येचा सलग सूर हळू लावून ठेवायचा आणि कान भिंतीकडे करून खोलीभर फिरायचं. काही ठिकाणी सूर अंगावर येतो, एक पाऊल सरकलं की नाहीसा होतो. जिथे अंगावर येतो तिथे खडूने खूण. हिशेब आणि प्रत्यक्ष यांत पाच-सात हर्ट्झचा फरक पडतोच. प्लायची जाडी छापल्याप्रमाणे नसते.

वरच्या सुरांसाठी आरसा. खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, ज्या जागी आरशात मॉनिटर दिसतो तिथे पॅनेल. छतावरही तसंच, आणि टेबलावरही. परतून येणारा आवाज सरळ आवाजापेक्षा तीन फूट जास्त चालून आला तर १९० हर्ट्झजवळ आणि मग वर ठरावीक अंतराने खड्डे पडत जातात, गायकाचा आवाज पोकळ वाटतो. उतरत्या छतावर या जागा अपेक्षेपेक्षा वेगळ्या निघतात, म्हणून डोळ्याने अंदाज करू नये.

गोल खिडकी किंवा आत वळलेली भिंत असेल तर सावध. विजापूरच्या गोल घुमटात पलीकडची कुजबुज कानाशी येते ती आत वळलेल्या भिंतीमुळेच. घराच्या गोलाकार बाल्कनीचा केंद्रबिंदू नेमका खुर्चीवर पडला तर तिथे आवाजाचा ढीग होतो. अशी वळणं जाड पॅनेलने झाकावीत किंवा पुस्तकांची वेडीवाकडी मांडणी समोर आणावी.

मोजमापाला ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक साधा मापाचा माइक पुरे. खालून वर सरकणारा सूर वाजतो आणि आलेख येतो. वाकड्या खोलीत एक गोष्ट आवर्जून करावी: डावा मॉनिटर वेगळा आणि उजवा वेगळा मोजावा. दोन्ही रेघा दोनशे हर्ट्झच्या वर फार फाकत असतील तर पॅनेल वाढवण्याआधी खुर्चीचा अक्ष पुन्हा तपासावा. खाली थोड्या फाकणारच. नुसती उंची न बघता कुठला सूर किती वेळ रेंगाळतो तो आलेखही बघावा. कान त्यानेच जास्त फसतो. मग शेवटी ईक्यू. उंचवटे त्याने कापता येतात. खड्डा मात्र भरता येत नाही, कारण तिथे जेवढा आवाज वाढवाल तेवढाच परतून येऊन त्याला खोडतो, आणि बिचारा मॉनिटर तापतो.

याच खोलीत रेकॉर्डिंगही करायचं असेल तर मिक्सची जागा आणि गाण्याची जागा वेगळी ठेवावी. गायकाला उंच छताच्या बाजूला बसवावं, पाठ कोनाड्याकडे, म्हणजे माइकचं तोंड शोषकाकडे होतं. पंखा बंद, त्याच्या आवाजापेक्षाही फिरती पाती वरून येणारा आवाज कापत राहतात, लांब आलापात ते कळतं. तबल्याखाली जाड सतरंजी चालते. तंबोऱ्याला मात्र सगळीकडून झाकलेली खोली मानवत नाही. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, पण त्याची जवारी हजारो हर्ट्झपर्यंत पसरलेली असते, आणि ती फरशीवरून उठून यावी लागते. म्हणून उंच बाजूची चार-सहा फूट फरशी उघडीच ठेवावी, गालिचा तिथे गुंडाळता येईल असा असावा.